पेडल मऊ लागतंय? निपलला पाना लावायच्या आधी

जुनी गाडी नव्याने घेतलेल्या माणसाचा फोन महिन्याभरात येतोच. "ब्रेक लागतो हो, पण पेडल जरा मऊ वाटतंय. एअर काढून घेऊ का?" कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तेच सांगितलेलं असतं, शेजाऱ्याने तेच सांगितलेलं असतं, आणि माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी नाही म्हणतो. एअर काढणं म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा चाकाजवळच्या निपलमधून, म्हणजे पोकळ स्क्रूमधून, बाहेर सोडणं. एअर असेलही, पण मऊ पेडलची निदान सहा-सात कारणं आहेत आणि एअर हे त्यातलं फक्त एक.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या १९७८ च्या प्रीमियर पद्मिनीवर मी ओळीने तीन रविवार एअर काढली. लिटरभर ब्रेक ऑइल संपलं, भाच्याचा उजवा पाय दुखायला लागला, आणि पेडल होतं तसंच. दोष तेलात नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता. दोष कुठे होता ते पुढे येईलच.

पुढचं सगळं पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय: चारही चाकांना ड्रम (पेडल दाबलं की आतले अर्धगोल शू पसरून त्याला घासतात), बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारं यंत्र नाही, एकच मास्टर सिलिंडर (पेडलने चालणारा तेलाचा मुख्य पंप) आणि एकच सर्किट. जुनी अँबॅसिडर, डुक्कर फियाट किंवा त्या काळातली कुठलीही साधी गाडी असली तरी विचार हाच राहतो. डिस्क किंवा बूस्टर असेल तिथे काय वेगळं, ते त्या त्या जागी सांगतो.

आधी एक गोष्ट. एकेरी सर्किट म्हणजे चारही चाकांचं तेल एकाच नळीतून येतं. कुठेही एक पाइप फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. अमेरिकेत १९६८ पासून दुहेरी सर्किट सक्तीचं झालं ते याच कारणाने. आपल्या जुन्या गाड्यांत ही सोय नाही. म्हणून पेडल काल होतं त्यापेक्षा आज खाली जात असेल, तर "हळू चालवत गॅरेजपर्यंत नेतो" हा विचारसुद्धा करू नका. मेकॅनिकला घरी बोलवा, नाहीतर गाडी टो करून न्या.

सात मिलीचा हिशोब

पाऊण इंच बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, मास्टर सिलिंडर घ्या, जुन्या छोट्या गाड्यांत साधारण याच्या आसपासचा असतो. पिस्टन पूर्ण इंचभर सरकला तरी तो पुढे ढकलतो किती तेल? सुमारे सात मिली. खोकल्याच्या औषधाचा दीड चमचा. तेवढ्यात चार चाकांचे शू ड्रमला टेकायचे आणि वर दाबही तयार व्हायचा.

आता या सात मिलीला कोण कोण खातं ते बघा. तेल दाबलं तरी आकसत नाही. हवा आकसते. सिस्टिममध्ये दोन मिलीचा बुडबुडा असला तर जोरात ब्रेक मारताना तो जवळजवळ शून्य होतो, आणि तुमच्या सात मिलीतले दोन त्याला दाबण्यात गेले. शू ड्रमपासून लांब असतील तर ती फट भरण्यात दोन-तीन मिली गेले. रबरी होज फुगत असेल तर थोडं तिथे. मास्टर सिलिंडरचं रबर झिजलं असेल तर थोडं मागच्या मागे ब्रेक ऑइलच्या टाकीत परत. पायाला या सगळ्यांचा निकाल एकच कळतो: पेडल खाली गेलं. पण खाली जाण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी असते, आणि ती तऱ्हा ओळखणं हेच खरं निदान.

पहिलं काम: पाना नको, फक्त पाय

गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा. बूट काढा. हसू नका, जाड तळव्याच्या बुटातून पेडलचं काही कळत नाही. सीटवर नीट बसा आणि दहा मिनिटं द्या.

एकदा दाबा, नेहमीच्या ब्रेकइतकं. कुठे थांबलं ते लक्षात ठेवा. पूर्ण सोडा, लगेच परत दाबा. मग तिसऱ्यांदा.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पेडल वर आलं, तर नव्याने शिकणारा लगेच म्हणतो, "एअर आहे." थांबा. वर आल्यानंतर ते कसं लागतंय? लाकडाच्या ओंडक्यावर पाय ठेवल्यासारखं कडक लागत असेल तर बहुतेक एअर नाही. शू आणि ड्रममधली फट वाढली आहे, म्हणजे ॲडजस्टमेंटचं काम आहे. पण वर येऊनही ते ताज्या पावावर पाय ठेवल्यासारखं दबत असेल, सोडल्यावर उसळत असेल, तर कुठेतरी लवचिक काहीतरी आहे. एअर, फुगणारा होज किंवा वाकणारा शू. या दोहोंतला फरक पायाला कळला की निम्मं काम झालं.

आता तिसरी तऱ्हा. पेडल दाबून धरा आणि मनात शंभर मोजा. जागचं हलत नसेल तर छान. घड्याळाच्या काट्यासारखं हळूहळू खाली सरकत असेल, तर तेल कुठेतरी पळतंय: एकतर बाहेर, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतल्या आत.

ही परीक्षा दोनदा करायची, हे मात्र कोणी सांगत नाही. एकदा जोरात दाबून आणि एकदा अगदी हलक्या पायाने. झिजलेलं रबर जोराच्या दाबाखाली सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि परीक्षेत पास होतं. हलक्या दाबाला मात्र ते तेल सोडून देतं. सिग्नलला उभे असताना नुसता पाय टेकवून ठेवलाय आणि पेडल हळूच खाली चाललंय, असं होत असेल तर संशयित क्रमांक एक मास्टर सिलिंडर.

बूस्टरवाली गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाईल. ते तसंच जायला हवं. त्याला दोष समजून मास्टर सिलिंडर बदलणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरं: ओलावा शोधा

टाकीचं झाकण उघडायच्या आधी आजूबाजूची माती पुसून घ्या. ती आत पडली तर सगळा खटाटोप व्यर्थ. मास्टर सिलिंडर सापडत नसेल तर खाली बघा. काही जुन्या गाड्यांत तो ड्रायव्हरच्या पायाखाली फरशीत असतो, मॅट उचलून झाकण काढावं लागतं. तिथपर्यंत कोणी पोचत नाही म्हणून वर्षानुवर्षं तेलही कोणी बघत नाही.

पातळी कमी झालीय का? लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, झिजले की ती थोडी उतरते, त्याचं काही नाही. पण महिन्याभरात बोटभर उतरत असेल तर गळती आहेच. तेलाचा रंगही बघा. ताजं तेल फिकट, मधासारखं. काळ्या चहासारखं दिसलं तर ते कधी बदललं होतं ते आधीच्या मालकालाही आठवणार नाही.

मग गाडीखाली. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या) खालच्या कडेला बोट फिरवा. मागच्या चाकाला ओल लागली तर ती ब्रेक ऑइलची की ॲक्सलच्या तेलाची? ॲक्सलचं तेल जाड असतं, त्याला उग्र वास येतो आणि पाण्याचे थेंब त्याच्यावरून घरंगळतात. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, ओल्या फडक्याने सहज निघतं. एवढ्या साध्या फरकावर तुमचे दोन-तीन हजार वाचतात, कारण ॲक्सलचं सील गळत असताना व्हील सिलिंडर (चाकातला, शू पसरवणारा छोटा सिलिंडर) बदलून उपयोग नाही.

ड्रम काढलात तर व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने हलकेच उचला. आत नुसती धूळ असेल तर ठीक. तिथे ओल किंवा साचलेलं तेल दिसलं, थेंब टपकला, की तो सिलिंडर गेला. लायनरवर तेल उतरलं असेल तर तो लायनरही गेला. पेट्रोलने धुऊन, जाळून वगैरे परत लावायचे प्रयोग होतात, ते करू नका. पहिल्या जोराच्या ब्रेकला गाडी एका बाजूला ओढेल.

इथेच धुळीचं सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करायची गॅरेजमधली पद्धत बघायला छान, फुप्फुसांना वाईट. ओलं फडकं घ्या, पुसा, पिशवीत बांधून टाका.

तिसरं: मोकळी खेळ

पेडल हाताने दाबून बघा, पायाने नाही. सुरुवातीला थोडं अंतर ते नुसतं हलतं, मग दांडा पिस्टनला टेकल्याचं जाणवतं. ही मोकळी खेळ पेडलच्या टोकाशी साधारण अर्धा सेंटिमीटर असावी, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. दोन-तीन सेंटिमीटर असेल तर पेडलची पिन आणि बुश झिजलेत, किंवा दांड्याची लांबी कोणीतरी बदललीय.

पेडल वर आणायला दांडा लांब करायचा मोह होतो. खेळ शून्य केली की मास्टर सिलिंडरमधलं तेल टाकीकडे परत जायचं बारीक छिद्र पिस्टनने बंद होतं. तेल तापतं, प्रसरण पावतं, जायला जागा नाही, आणि चालता चालता ब्रेक आपोआप लागायला लागतात. एका ओळखीच्यांची गाडी अशीच ड्रममधून धूर काढत घरी आली होती.

चौथं: ॲडजस्टमेंट, आणि ती एअर काढण्याच्या आधी

हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. शू लांब असतील तर कितीही एअर काढा, पहिल्या दाबाला पेडल खालीच जाणार.

एकेक चाक उचला. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, खाली लोखंडी घोडी लावा. ॲडजस्टर कुठल्या जातीचा ते गाडीवर अवलंबून आहे: बॅकप्लेटवर षटकोनी डोक्याचा कॅम, चौकोनी टोकाची पाचर, नाहीतर दातेरी चाक. काम एकच. चाक हाताने फिरवत फिरवत ॲडजस्टर आवळत जा, चाक अडेपर्यंत. मग पेडल एकदा जोरात दाबून सोडा, म्हणजे शू ड्रममध्ये नीट मध्यावर बसतात. परत आवळा. शेवटी चाक मोकळं फिरेल एवढाच मागे घ्या. हलकी खरखर ऐकू आली तर चालेल, ओढ जाणवली तर नाही. प्रत्येक शूला वेगळा ॲडजस्टर असेल तर दोन्हींना हे करायचं. पुढच्या चाकाला दोन असतात आणि एकच केला जातो, हे फार वेळा दिसतं.

जंगलेला ॲडजस्टर जोर लावून फिरवू नका. रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी या.

ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या शूवर चालतो, तिथे एक झटपट परीक्षा आहे. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. पेडल एकदम वर आलं, तर मागच्या शूंची फट हेच कारण. दोन मिनिटांत कळतं.

पाचवं: संशयितांना वेगळं करा

ॲडजस्टमेंट झाली, ओल कुठे नाही, तरी पेडल उसळतंय. आता तीन रबरी होजवर लक्ष. मागे सलग ॲक्सल असलेल्या गाडीत साधारण तीनच असतात, पुढच्या चाकांना एकेक आणि मागे मध्ये एक. कोणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगा आणि एकेक होज मुठीत पकडा. दाबताक्षणी तो मुठीत जाडजूड होत असेल तर बदला. भेगा दिसत असतील तर बाकी काही न बघता बदला.

होज नवे असतील तर गुळगुळीत जबड्याचा होज क्लॅम्प तिन्हींना लावून पेडल दाबता येतं. तिन्ही बंद असताना पेडल दगडासारखं कडक झालं तर मास्टर सिलिंडर ठीक आहे. आता एकेक क्लॅम्प सोडा. ज्याचा सोडल्यावर पेडल खाली येतं, दोष त्या चाकाकडे, मागचा होज असेल तर मागच्या दोन चाकांकडे. बाकीच्या चाकांवरची मेहनत वाचते. जुन्या, कडक झालेल्या होजवर मात्र हा प्रयोग नको, आतून फाटतात. आणि पकडीने तर कुठलाच होज दाबू नका.

तिन्ही बंद असतानाही पेडल खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर काढा. आतली बकेट, म्हणजे ती वाटीसारखी रबरं, किटमध्ये मिळतात. पण किट टाकण्याआधी बोअरमध्ये टॉर्च मारून बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणात किंवा पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत बोअरला गंजाचे खड्डे पडलेले असतात. खड्ड्यावर नवं रबर महिनाभरही टिकत नाही. अशा सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, टाकून घ्या किंवा नवा घ्या. रबरं फक्त ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुवा. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल लागलं की ती फुगून बसतात.

रबराचं आणखी एक. पद्मिनीचे पार्ट कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत अजून मिळतात. पण मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांची रोजची मागणी थांबली तेव्हा दुकानात जो माल होता, तो अजून तिथे असू शकतो. बंद पाकिटातलं रबरही म्हातारं होतं. विकत घेण्याआधी पाकीट फोडायला सांगा, कडा दुमडून बघा. बारीक चिरा दिसल्या की परत द्या, दुकानदार कितीही "ओरिजिनल आहे" म्हणाला तरी.

सहावं: आता काढा एअर

एअर आहे का ते आधी खात्री करून घ्या. टाकीचं झाकण काढा, आजूबाजूला फडकी पसरा. कोणाला तरी वीसेक वेळा भराभर पंप मारून पेडल दाबून धरायला सांगा, मग एकदम सोडायला सांगा. टाकीत तेल कारंज्यासारखं उसळलं तर आत दबलेली हवा आहे. तोंड जवळ नेऊन बघू नका, डोळ्यात जाईल. रंगावर पडलं तर लगेच पाणी ओता. ब्रेक ऑइल रंग उचलतं.

साहित्य थोडंच लागतं: निपलच्या मापाचा रिंग पाना, पारदर्शक नळी, तळाशी थोडं तेल घातलेली बाटली, आणि सीलबंद डब्यातलं ताजं ब्रेक ऑइल. डबल एंड, म्हणजे उघड्या तोंडाच्या, पान्याने निपलचा षटकोन गोल होतो आणि मग ड्रिल मारायची वेळ येते. तेल तोंडाने ओढायचं नाही, ते विषारी आहे. डबा उघडून महिने झाले असतील तर ते तेल वापरू नका.

आणखी एक वस्तू लागते, ती कोणाच्या यादीत नसते. लाकडाचा ठोकळा. तो पेडलखाली ठेवा, म्हणजे पेडल फरशीपर्यंत जाणार नाही. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या अर्ध्याच भागात फिरतो, पुढचा भाग वर्षानुवर्षं अस्पर्श आणि गंजलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबलं की रबराची कड त्या गंजावरून घासत जाते आणि फाटते. "एअर काढली आणि दुसऱ्याच दिवशी मास्टर सिलिंडर गेला" ही तक्रार किती जणांकडून ऐकली असेल. त्यांनी दोष नशिबाला दिला.

क्रम: मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारणपणे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल ऐका.

भाचा सीटवर, मी चाकामागे पालथा. आमचं बोलणं एवढंच असतं.

"दाब."

"दाबला, काका."

मी निपल अर्धा फेरा सोडतो. नळीतून बुडबुडे येतात, पेडल ठोकळ्याला टेकतं.

"टेकला."

"धरून ठेव." निपल बंद. "आता सोड. हळू."

सगळी मेख त्या "बंद" आणि "सोड"च्या क्रमात आहे. निपल उघडा असताना पाय उचलला की जितकी हवा गेली तितकी परत आत. भाच्याला पहिल्या दिवशी मी हे सांगितलं नव्हतं, आणि तासभर आम्ही तीच हवा आत-बाहेर करत होतो. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा. ती रिकामी झाली तर पहिल्यापासून.

नळीतून सलग, बुडबुड्याशिवाय तेल येईपर्यंत थांबा. तरी पेडल उसळत असेल तर निपल कुठे आहे ते बघा. हवा वर जाते, म्हणून निपल सर्वांत उंच जागी हवा. डिस्कवाल्या गाडीत डावा कॅलिपर उजवीकडे लावला तर निपल खाली येतो आणि आतली हवा जन्मात बाहेर पडत नाही.

एअर पुन्हा पुन्हा येत असेल तर ती शिरते कुठून हे शोधा. ड्रमच्या सिस्टिममध्ये मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटी झडप असते. पाय सोडल्यावरही ती नळीत किंचित दाब शिल्लक ठेवते, त्यामुळे व्हील सिलिंडरच्या रबरांच्या कडा भिंतीला टेकून राहतात. ती झडप गेली की पेडल सोडताना रबरांच्या कडेने हवा आत ओढली जाते. बाहेर थेंबभर गळती नाही, आणि दर पंधरा दिवसांनी पेडल मऊ.

घाटातलं मऊपण

कधी कधी सकाळी पेडल उत्तम असतं आणि बोरघाट उतरून खोपोलीला चहाला थांबल्यावर निघताना ते जमिनीला टेकतं. अर्ध्या तासाने परत ठीक. हे तेल उकळण्याचं लक्षण. डॉट ३ प्रतीचं तेल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावं असं मानक आहे, डॉट ४ किमान २३० ला. पाणी शोषलेल्या तेलासाठी हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. चालत्या गाडीत ड्रमला वारा लागत असतो. थांबल्यावर तो थांबतो आणि ड्रमची धग व्हील सिलिंडरमधल्या तेलात उतरते. म्हणून चहानंतर.

याच्या उलटही होतं: पेडल कडक, पण गाडी थांबत नाही. ते तेलाचं नाही, लायनर तापून त्यांची पकड सुटण्याचं आहे. दोन्हींवर घाटातला उपाय एकच, खालच्या गिअरला उतरा. तेलावरचा उपाय मात्र दर दोन वर्षांनी सगळं तेल बदलणं. सिलिकॉनचं डॉट ५ वेगळं प्रकरण आहे, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही.

माझ्या तीन रविवारांचं

चौथ्या रविवारी मी पुढचा डावा ड्रम काढला. सहा आठवड्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये नवे लायनर चढवून घेतले होते, त्यामुळे तिकडे बघायचं डोक्यात आलं नव्हतं. लायनर उजेडात धरला. दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं रुंद चकाकी, आणि मधला सगळा भाग कोरा, त्यावर छापलेला नंबरही शाबूत. लायनर होते ओव्हरसाइज, लेथवर खोल केलेल्या ड्रमसाठीचे, जाड. माझे ड्रम मूळ मापाचे. शूचा घेर ड्रमच्या घेरापेक्षा मोठा, त्यामुळे फक्त टोकं टेकायची. पेडल दाबलं की शू धनुष्यासारखा वाकायचा, सोडलं की सरळ व्हायचा. पायाला ती हुबेहूब एअर वाटत होती.

शू ड्रमच्या मापाला लेथवर घासून आणले. घरी पॉलिश पेपरने घासू नका, धुळीचं वर सांगितलंच आहे. परत ॲडजस्टमेंट केली, एकदाच एअर काढली, आणि पेडल तीन बोटांवर थांबलं.

नवे लायनर बसेपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, आणि मग ॲडजस्टमेंट पुन्हा एकदा बघा. त्याआधी आज मोकळ्या रस्त्यावर, वीसच्या वेगाला, मागे कोणी नाही बघून चार-पाच वेळा थांबून घ्या. घरी आलात की चारही चाकांखाली आणि मास्टर सिलिंडरखाली जुन्या खोक्याचे पुठ्ठे सरकवा. सकाळी पुठ्ठे बघा, टाकीची पातळी बघा, बूट काढून पेडल दाबा. पुठ्ठा कोरा आणि पेडल कालच्याच जागी असेल तर गाडी बाहेर काढा.